अनामत भाडेकरूची, हिशेब घरमालकाचा

घर सोडताना घ्यावयाच्या काळजीविषयीचा लेख वाचला. त्यातल्या सूचना उपयुक्त आहेत. पण अनामत परत मिळवण्याचा सगळा भार भाडेकरूवरच टाकणे पटले नाही. अनामत ही घरमालकाची कमाई नव्हे. ती भाडेकरूचीच रक्कम, तारण म्हणून ठेवलेली. तीतून काही कापायचे तर नुकसान दाखवून पावती देण्याची जबाबदारी कापणाऱ्याची. प्रत्यक्षात ‘रंगकाम’ आणि ‘साफसफाई’ एवढे दोन शब्द पुरतात. उन्हाने विटलेला रंग, सैल झालेली कडी ही वापरातली झीज. फुटलेले बेसिन हे नुकसान. हा फरक घरमालकांना कळत नाही असे नाही, पण चावी हाती आली की फोन उचलणेच बंद होते!

इंग्लंडमध्ये बहुतेक खासगी भाडेकरारांची अनामत २००७ पासून सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवणे बंधनकारक आहे. त्यासाठी सध्या ३० दिवसांची मुदत असून, ती चुकवणाऱ्या घरमालकाला अनामतीच्या एक ते तीन पट रक्कम भाडेकरूला देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. योजनेमार्फत वाद सोडवताना कपातीचा पुरावाही घरमालकाकडेच मागतात. आपल्याकडे भाडेकरूने फोटो काढून ठेवावेत, लेखी मागणीही करावी. परंतु रक्कम त्रयस्थाकडे राहील अशी तरतूद आधी हवी.