सेरोनेराच्या अस्कारी दादांना पत्र

प्रिय अस्कारी दादा,

सप्रेम नमस्कार.

या पत्राचं इंग्रजी करून मी कॅम्पच्या मॅनेजरांकडे पाठवलं आहे. ते तुम्हाला स्वाहिलीत वाचून दाखवतील. तरी मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण आमच्या पुण्या-मुंबईकडून, विदर्भातून टांझानियाला जाणारी माणसं आता कमी राहिलेली नाहीत. परत आल्यावर ती सिंहाचे फोटो दाखवतात, ड्रायव्हर-गाइडचं भरभरून कौतुक करतात. त्यात चूक काहीच नाही. पण सेरेंगेटीच्या राष्ट्रीय उद्यानात अंधार पडला की पर्यटकांच्या गाड्यांना फिरायला बंदी. तिथून उजाडेपर्यंतचं जंगल फक्त तुम्हा अस्कारींना, म्हणजे कॅम्पच्या रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांना माहीत असतं, आणि तुमच्याबद्दल कोणी चार ओळी लिहीत नाही.

बाबा तुम्हाला आठवत असतील. काठी टेकत चालणारे, खाकी स्वेटर घातलेले. तुम्ही त्यांना 'म्झे', म्हणजे स्वाहिलीत वडीलधारे, म्हणून हाक मारायचात. ते वनरक्षक होते, मेळघाटात. १९७३-७४ मध्ये आमच्या देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यातला हा एक. सेमाडोह, कोलकास या बाजूला त्यांची नोकरी गेली. कितीतरी रात्री संरक्षण कुटीत, वनमजुरांच्या सोबतीनं, कान उघडे ठेवून. निवृत्तीनंतरही ते घरी निवांत झोपायचे, पण आई गेली आणि त्यांची झोपच गेली. रात्रभर हॉलमध्ये फेऱ्या मारायचे, दिवसा कोणाशी बोलायचे नाहीत. डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, जागाबदल म्हणून माझ्याकडे आणून झालं. शेवटी मी म्हटलं, आयुष्यभर ज्याचं नाव ऐकलं ते सेरेंगेटी तरी त्यांना दाखवू.

वयस्कर माणूस बरोबर आहे म्हणून आम्हाला लॉजच सुचवला गेला होता, आणि पहिला मुक्काम आम्ही तिथेच केला. सेरेंगेटीतले जुने लॉज मोठमोठ्या खडकांच्या टेकाडांना धरून बांधलेले आहेत. दगड न फोडता त्याच्याभोवती भिंती फिरवल्या आहेत. उद्यानाच्या मध्यभागी असलेल्या सेरोनेराचा तसा आहे, उत्तरेकडचा लोबोही तसाच. बघण्यासारखं काम आहे. पण रात्री दार लावलं, पडदा ओढला, की आपण खोलीत आणि जंगल बाहेर. बाबा तिथेही फेऱ्या मारत राहिले.

मग तुमचा कॅम्प. कुंपण नाही, भिंत नाही. जाड कॅनव्हास आणि त्याला चेन. पोहोचल्या पोहोचल्या सगळे नियम सांगितले गेले. तंबूत खाण्याचा कणसुद्धा ठेवायचा नाही. अंधारानंतर अस्कारी बरोबर असल्याशिवाय पाऊल बाहेर टाकायचं नाही. काही लागलं तर टॉर्च दाखवायचा. मी जरा धास्तावले होते. बाबांनी मात्र जेवणाच्या तंबूतून परत येताना पहिल्यांदाच मान वर करून इकडेतिकडे बघितलं.

त्या रात्री ते उठून बसले तेव्हा मी टॉर्च दाखवला आणि तुम्ही आलात. मोडक्यातोडक्या इंग्रजीत आपलं बोलणं झालं. मी सांगितलं, यांना झोप येत नाही. त्यांना समजावून परत पाठवणं तुम्हाला सोपं होतं. पाहुण्यांनी रात्री तंबूत राहावं हेच नियमाला धरून होतं. तुम्ही मॅनेजरांना विचारून आलात, बाबांच्या दंडाला धरलंत आणि त्यांना शेकोटीपाशी नेलंत. कॅम्पच्या खुर्चीवर बसवून त्यांच्या अंगावर घोंगडी टाकलीत. सेरोनेराची उंची सुमारे १,५०० मीटर, जूनमधली रात्र, थंडी चांगलीच होती. तुमचा जोडीदार फेरीवर गेला आणि तुम्ही बाबांच्या शेजारी बसलात.

थोड्या वेळानं झाडीच्या बाजूनं काहीतरी हललं. तुम्ही टॉर्च लावलात, आणि तो छातीशी किंवा कमरेशी धरला नाहीत, कानशिलाला टेकवून डोळ्यांच्या रेषेत धरलात. समोरच्या जनावराचे डोळे चमकलेले दिसायचे तर उजेड आपल्या नजरेच्याच रेषेतून जावा लागतो. हे नवख्याला माहीत नसतं. बाबांनी ते बघितलं आणि चटकन ताठ झाले. समोर हिरवट डोळ्यांच्या जोड्या होत्या, इम्पालांचा कळप. बाबांनी जमिनीपासून हात वर नेत विचारलं, डोळे एवढ्या उंचीवर? तुम्ही मान हलवलीत आणि तुमच्या हातानं दुसरी उंची दाखवलीत, खालची, सिंहाची. मी दुभाषी म्हणून उभी होते, पण माझी गरज उरली नव्हती. मला झोपायला पाठवलंत ते तुम्हीच.

पुढच्या रात्री मी तंबूत पडल्या पडल्या तुम्हा दोघांना ऐकत असे. तरसाची खालून वर चढत जाणारी हाळी आली की तुम्ही 'फिसी' म्हणायचात. आमच्या मेळघाटातलं तरस पट्ट्यांचं, सहसा आवाज न करणारं. हे ठिपक्यांचं आणि इतकं बोलकं तरस बाबांना नवीन होतं. झेब्र्याचं कुत्र्यासारखं भुंकणं नवीन होतं. सिंहाची गर्जना तर कुठून येते हेच त्यांना कळेना, कारण ती कित्येक किलोमीटरवरूनही शेजारी असल्यासारखी वाटते. ती किती लांब आहे हे तुम्ही बोटांनी सांगायचात. मग बाबा तुम्हाला सांबराचा कॉल काढून दाखवायचे, चितळाचा, वानराचा. त्यांच्या तोंडून ते आवाज मी लहानपणानंतर ऐकलेच नव्हते.

आणि मग बिबट्या. करवतीनं लाकूड कापल्यासारखा खरखर आवाज, नदीकाठच्या झाडीतून. सिंह तुमचा, वाघ आमचा, पण हा एकच प्राणी तुम्हा दोघांच्याही नोकरीतला. तुम्ही 'चुई' म्हणालात आणि त्याच क्षणी बाबा 'बिबट' म्हणाले, आणि दोघंही एकदम हसलात. बाबांना हसताना ऐकून मी तंबूत रडत होते, दादा. तुम्हाला हे कळणं शक्य नव्हतं, म्हणून आज सांगते.

त्या रात्रीनंतर ते पहाटे येऊन झोपायला लागले. गाढ, गाड्या निघायच्या वेळेपर्यंत. घरी परतल्यावर सगळं एकदम बरं झालं असं मी म्हणणार नाही. आईची आठवण येते तेव्हा ते अजूनही उठून बसतात. पण आता ते बोलतात. नातवाला आवाज शिकवतात, कोणता कॉल घाबरून आणि कोणता नुसताच, हे समजावून सांगतात.

आपल्याकडच्या मंडळींना मला एक सांगायचं आहे. सकाळी सहाच्या सुमाराला गाडी निघते आणि गाइड बरोबर एका दिशेला वळतो, अर्ध्या तासात सिंह दिसतो. मी त्या सकाळी लवकर उठून बघितलं आहे. गाइड आधी रात्रपाळीवाल्यांशी बोलतात. सिंह कोणत्या बाजूला ओरडत होते, आवाज सरकत होता की एका जागी होता, हे सगळं अस्कारी त्यांना सांगतात. बाबा म्हणाले, आमच्याकडे हे रजिस्टरमध्ये लिहायचं असतं, इथे तोंडी चालतं, काम तेच. तेव्हा निघताना जेवणाच्या तंबूत जी सामाईक टिपची पेटी असते, तिच्यात हात सैल सोडून टाका. गाइडला आपण वेगळं देतोच. पण रात्रभर उभा राहणारा, बादलीभर गरम पाणी तंबूमागं आणून आपल्या शॉवरसाठी वर चढवणारा, कणीक मळून आपल्या माणसांसाठी चपात्या करणारा, यांचा वाटा त्याच पेटीतून जातो.

दादा, बाबांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. त्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तो बिबट्या अजून नदीकाठच्या त्याच झाडीत आहे का? आणि निघायच्या आदल्या रात्री उशिरा दोनदा जे ओरडलं आणि तुम्ही नुसती मान हलवून गप्प बसलात, ते काय होतं? त्यावर आमच्या घरी रोज वाद चालला आहे. उत्तर मॅनेजरांना सांगा, ते मला मेल करतील. जमलं तर तो आवाज फोनवर रेकॉर्ड करूनही पाठवा.

तुमच्या घरी सगळ्यांना आमचा नमस्कार.

तुमची,
म्झेंची मुलगी