पोतेवाल्या मामांचे आभार

मंगळवारी साताऱ्याच्या आरटीओत वडिलांच्या १९८४ च्या महिंद्रा जीपचं पासिंग होतं. नोंदणी पुढं वाढवायचा पंचवीस नंबरचा फॉर्म, विमा, पीयूसी, सगळं जवळ; पण गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चासी नंबरच वाचता येईना. आम्हीच हौसेनं त्यावर दोन हात रंग मारलेला! साहेबांचंही बरोबरच, नंबर दिसल्याशिवाय पुढं कसं जाणार?

तेवढ्यात टेम्पो पासिंगला आलेले एक मामा पोतं अंथरून थेट गाडीखाली शिरले. मी पॉलिश पेपर पुढं केला तर ओरडले, "आकडा झिजवतोस व्हय?" थिनरची चिंधी धरून ठेवली, नखानं हळूहळू रंग काढला, कागदावर पेन्सिलीनं ठसा घेतला. पैसे घेतले नाहीत. नाव विचारायचं राहिलं.

मामा, पाच वर्षांसाठी पास झाली. मनापासून आभार. तुमचं पोतं जीपमध्येच राहिलंय.