भूमिकाभिनयानंतरची चर्चा गाळू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वर्गात भूमिकाभिनय वापरावा, त्यातून मुले आनंदाने शिकतात, अशा आशयाचे लेखन आपल्या शैक्षणिक पानावर आणि इतरत्रही हल्ली बरेच येते. शिक्षिका म्हणून मला त्याचा आनंदच आहे. पण त्यातली वर्णने वाचताना एक गोष्ट सतत खटकते. पुठ्ठ्याचे मुकुट, चिकटवलेल्या मिशा, मुलांचे हसरे चेहरे, शेवटी टाळ्या, आणि तास संपला! टाळ्यांनंतर वर्गात काय बोलणे झाले, याचा उल्लेख क्वचितच सापडतो. माझ्या मते खरे शिकणे त्या बोलण्यातच होते, आणि वेळ अपुरा पडला की नेमके तेच गाळले जाते. म्हणून हे पत्र.

आधी एक गल्लत दूर करायला हवी. शिक्षकाने संवाद लिहून दिले, मुलांनी ते पाठ केले आणि वर्गासमोर म्हणून दाखवले, तर ती नाटिका झाली. तिचेही मोल आहे. उच्चार सुधारतात, सभाधीटपणा येतो. भूमिकाभिनयात मात्र संवाद कोणी लिहिलेलेच नसतात. मुलाच्या हातात एक चिठ्ठी असते. तू कोण आहेस, तुला काय हवे आहे, तुला काय ठाऊक आहे, एवढेच तिच्यात असते. पुढे काय होणार हे शिक्षकालाही माहीत नसते. अनेक शिक्षकांना याचीच भीती वाटते आणि ते चिठ्ठीत हळूच संवाद घालू लागतात. 'तू गरीब शेतकरी आहेस, हात जोडून विनवणी कर' असे लिहिले की मुलाने विचार करण्याची गरजच संपली. 'तुझी चार एकर जमीन आहे, विहीर तुझ्या आजोबांनी खणली, तुझ्यावर कर्ज आहे आणि ते तुला चारचौघांत सांगायचे नाही' असे लिहिले, तर बोलायचे काय आणि लपवायचे काय हे मुलाला स्वतः ठरवावे लागते. माझा तयारीतला बहुतेक वेळ या चिठ्ठ्या लिहिण्यात जातो. मुकुट कापण्यात तो घालवू नये.

ही पद्धत आजकालची नाही. जेकब मोरेनो या मनोविकारतज्ज्ञाने १९२०च्या दशकात व्हिएन्नात उत्स्फूर्त नाट्याचे प्रयोग केले, पुढे अमेरिकेत त्यातून उपचारपद्धती उभी केली. दोन व्यक्तींनी एकमेकांच्या भूमिका घेऊन तोच प्रसंग पुन्हा जगायचा, हे तंत्र त्यांच्याच कामातून सर्वदूर पोहोचले. शाळेच्या वर्गासाठी या पद्धतीची नीट मांडणी केली ती फॅनी आणि जॉर्ज शाफ्टेल यांनी, १९६०च्या दशकात. त्यांनी नऊ पायऱ्या सांगितल्या आहेत. वर्गाला विषयात आणणे, भूमिका कोण करणार हे ठरवणे, प्रसंग मांडणे, पाहणाऱ्यांना तयार करणे, अभिनय, त्यावर चर्चा, पुन्हा अभिनय, पुन्हा चर्चा, आणि शेवटी आपापल्या अनुभवांशी सांगड. या नऊपैकी प्रत्यक्ष अभिनय दोनच ठिकाणी आहे. चर्चेला आणि अनुभवांच्या देवाणघेवाणीला मिळून तीन पायऱ्या आहेत. आपल्याकडचे आदर्श पाठ पाचव्या पायरीवर थांबतात आणि उरलेल्या चार 'वेळेअभावी' राहून जातात.

दुसऱ्या फेरीने काय होते ते सांगते. आठवीच्या वर्गात धरणाचा प्रसंग घेतला होता. ज्याची जमीन बुडणार तो शेतकरी, अधिकारी, अभियंता, नदीवर मासेमारी करणारे कुटुंब आणि पाण्यासाठी आसुसलेल्या शहराची प्रतिनिधी, अशा भूमिका होत्या. पहिल्या फेरीत अधिकारी झालेला मुलगा रुबाबात म्हणाला, "तुम्हाला दुसरीकडे जमीन मिळेल." शेतकरी झालेली मुलगी "बरं" म्हणाली आणि खाली बसली. सगळे खूश. प्रश्न सुटला होता, टाळ्याही झाल्या.

पाहणाऱ्या मुलांना मी आधीच वेगवेगळी कामे दिली होती. मागच्या बाकावरच्या एका अबोल मुलीकडे काम होते, जे प्रश्न कोणी विचारले नाहीत ते टिपण्याचे. चर्चेत तिची पाळी आली तेव्हा ती वहीत बघूनच म्हणाली, "जमीन कुठे, ते कोणी विचारलंच नाही." वर्ग एकदम गप्प झाला. मग भूमिका बदलल्या. मघाचा अधिकारी आता शेतकरी झाला आणि समोरच्याला बोलूच देईना. "कुठे मिळणार जमीन? तिथे पाणी आहे का? माझे शेजारीपण तिथेच येणार का? आणि धरण आधी होणार की आमची घरं आधी?" नवा अधिकारी चिठ्ठी उलटसुलट करून पाहू लागला. तिच्यात उत्तर नव्हते. तो माझ्याकडे बघत राहिला, मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तकात पुनर्वसनाबद्दल काय दिले आहे ते मुलांनीच शोधून आणले. दोन ओळी निघाल्या. त्या दोन ओळींवर त्यांनी जेवढे प्रश्न काढले तेवढे मी त्या धड्यावर कधी काढले नव्हते. पहिल्या टाळ्यांवर तास संपवला असता, तर 'दुसरीकडे जमीन मिळेल' हेच उत्तर मुलांच्या डोक्यात पक्के बसले असते.

चर्चा घ्यायची म्हणजे 'कोणी छान केलं?' असे विचारायचे नाही. त्या प्रश्नाने सगळे बिघडते. मुलाला कळते की बाईंना अभिनय हवा आहे. पुढच्या वेळी तो वर्गाला हसवायला बघतो. 'त्या क्षणी तू असं का म्हणालास? समोरच्याचं ऐकून तुझं मत कुठे हललं? दुसरं काय करता आलं असतं?' असे प्रश्न हवेत. डॉरोथी हीथकोट या ब्रिटिश शिक्षिका स्वतः भूमिका घेऊन मुलांमध्ये मिसळत, आणि रंगात आलेला प्रसंग मध्येच थांबवून मुलांना विचार करायला लावत. हे थांबवणे फार अवघड असते. वर्ग रंगलेला असताना तो थांबवायला शिक्षकाचे मन धजत नाही.

आणखी एक कारण आहे, आणि मला ते सर्वांत गंभीर वाटते. भूमिकेतून मुलाला बाहेर आणावे लागते. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एका लहान गावात जेन एलियट या शिक्षिकेने एप्रिल १९६८मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर लगेच, तिसरीच्या मुलांची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी केली. एका गटाला श्रेष्ठ ठरवले, दुसऱ्याला कमी, आणि नंतर उलटे केले. मुले बघता बघता बदलली. कालचे मित्र एकमेकांना हिणवू लागले, खाली ढकललेली मुले अभ्यासातही अडखळू लागली. भेदभाव म्हणजे काय हे त्या मुलांना कायमचे कळले असे अनेक जण मानतात. नकळत्या वयाच्या मुलांना असे दुखावण्याचा शिक्षकाला काय अधिकार, असा प्रश्नही तेव्हापासून आजवर विचारला जातो. मला दोन्ही बाजू पटतात, पण एवढे नक्की की हा प्रयोग एलियट यांनी चर्चेशिवाय सोडून दिला नव्हता. एरवी इतिहासाच्या तासाला गुलामांच्या लिलावाचे दृश्य करून घेतल्याचे आणि त्यावरून पालक संतापल्याचे प्रकार अमेरिकेतल्या शाळांत पुन्हा पुन्हा घडले आहेत. ज्या मुलाच्या घराण्याने ते भोगले, त्यालाच वर्गासमोर ते करायला लावणे हा क्रूरपणा आहे. अपमानाची भूमिका कोणत्याही मुलावर लादू नये. ज्याच्या घरी नुकतीच तशी घटना घडली आहे, त्याच्या वाट्याला तर ती मुळीच येऊ देऊ नये. नको म्हणण्याची मुभा आधी आणि मोकळेपणाने द्यावी. प्रसंग संपल्यावर भूमिकेचे नाव लिहिलेली गळ्यातली पाटी काढून ठेवायला सांगावी, मुलाला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारावी आणि मगच बोलायला बसावे. गोष्ट साधी आहे. ती केली नाही, तर 'सावकार' झालेल्या मुलाला मधल्या सुट्टीत आणि पुढे वर्षभर सावकार म्हणूनच चिडवले जाते.

हा प्रकार लहान मुलांपुरताच आहे असा समज असेल, तर वैद्यकीय शिक्षणाकडे पाहावे. हॉवर्ड बॅरोज या मज्जाविकारतज्ज्ञाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये एका निरोगी व्यक्तीला रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसवले. तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. आज अनेक देशांत भावी डॉक्टरांचे प्रशिक्षण आणि परीक्षा अशा 'रुग्णां'च्या मदतीने होतात. तपासणी झाल्यावर तो रुग्ण भूमिका सोडून विद्यार्थ्याला सांगू शकतो, 'तू माझ्याकडे न बघता लिहीत होतास, म्हणून दुखण्याची खरी जागा मी सांगितली नाही.' खरा रुग्ण हे सहसा सांगत नाही. तिथेही भूमिका उतरवल्यानंतरचे बोलणेच कामाचे ठरते.

वेळेची अडचण खरी आहे आणि ती मी रोज सोसते. त्यावर माझा उपाय असा की अभिनय आखूड करावा. तीन-चार मिनिटे पुरतात. वर्ग मोठा असेल तर पाच जणांनी करायचे आणि बाकीच्यांनी बघत बसायचे, असे न करता तिघातिघांचे गट पाडावेत. दोघे बोलतील, तिसरा टिपणे घेईल, मग पाळी बदलेल. गोंगाट होतो, शेजारच्या वर्गातून निरोप येतो, तरी प्रत्येक मुलाला बोलायला मिळते. आणि प्रत्येक धड्याला हा प्रकार लावूच नये. मुले ग्रह होऊन सूर्याभोवती फिरतात तेव्हा ते एक चालते-बोलते प्रतिरूप असते आणि लहान वर्गांत उपयोगीही पडते, पण ग्रहाला स्वतःची इच्छा नसते, त्याला निर्णय घ्यायचा नसतो. रेणूंना 'मला जोडीदार हवा' असे बोलायला लावले की पुढे ती समजूत खोडून काढताना विज्ञानाच्या शिक्षकाची दमछाक होते. जिथे माणसांचे हितसंबंध एकमेकांना छेदतात, जिथे निवड करावी लागते, तिथेच ही पद्धत खुलते. इतिहास, नागरिकशास्त्र, पर्यावरण, भाषेतला संवाद, वर्गातली दांडगाई, हे तिचे खरे प्रांत आहेत.

आपल्या पानाकडे माझे एक मागणे आहे. यापुढे अशा पाठांची बातमी देताना छायाचित्राबरोबर, मुले नंतर काय बोलली त्याची चार वाक्येही छापावीत. आणि पाठ पाहायला येणाऱ्या तपासनीसांना व प्रशिक्षकांना विनंती, की टाळ्या पडल्यावर लगेच उठू नये. त्यांच्या निरीक्षणपत्रकात वेशभूषेला आणि साहित्याला रकाना असतो, चर्चेला मी अजून पाहिलेला नाही. तो घालावा, आणि वेशभूषेचा काढला तरी चालेल.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका