भिंतीतली केबल, बोर्डातली गाठ आणि परस्पर बंद झालेली तक्रार

दिनांक : १२ जून २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, मुख्य कार्यालय, पुणे.

विषय : विश्रामबाग, सांगली येथील राहत्या घरी ६ मे रोजी ओढलेल्या नेटवर्क केबलचे सदोष काम, जादा आकारलेली केबल आणि न सुटलेली तक्रार बंद केल्याबाबत.

महोदय,

आमच्या घराला फायबर पुढच्या खोलीत येते आणि राउटरही तिथेच आहे. सूनबाईंचे ऑफिसचे काम चालते मागच्या खोलीतून. घर १९८८ सालचे, भिंती नऊ इंची विटांच्या. अशा दोन भिंती ओलांडेपर्यंत वाय-फायचा जीव अर्धा होतो. मीटिंग सुरू झाली की ती लॅपटॉप उचलून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची आणि आमच्या कुकरच्या शिट्ट्या तिच्या साहेबांना ऐकू जायच्या. म्हणून दोन्ही भिंतींना भोक पाडून पुढून मागे सलग कॅट-सिक्स केबल न्यायची असे ठरवले आणि आपल्या कंपनीला काम दिले. एकूण बिल ७,९५० रुपये झाले. ते मी त्याच दिवशी चुकते केले असून पावती सोबत जोडली आहे.

नेटचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे. राउटरला लॅपटॉप थेट लावला तर २९० च्या पुढे वेग मिळतो. आपल्या केबलच्या मागच्या टोकाला तोच लॅपटॉप लावला की ९४. सकाळी ९४, रात्री बारालाही ९४. मी चौतीस वर्षे टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होतो. आकडा खालीवर झाला असता तर मी नेट पुरवणाऱ्यांना बोल लावला असता. आकडा एका जागी खिळून राहतो तेव्हा दोष तारेत असतो, एवढे मला कळते. या केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. शंभराच्या वेगाला दोनच जोड्या पुरतात, हजाराच्या वेगाला चारही लागतात. एखादी जोडी तुटली की दोन्हीकडची यंत्रे आपसात ठरवून शंभरावर उतरतात आणि त्यातले प्रत्यक्ष हाती येतात साधारण ९४.

हे मी १४ मे रोजी फोनवर सांगितले, तेव्हा मला राउटर बंद करून चालू करायला सांगण्यात आले. तो मी केला. १९ मे रोजी आपल्या कंपनीचा एक मुलगा आला. मुलगा सभ्य होता, चप्पल बाहेर काढून आत आला, पण सोबत टेस्टर नव्हता. लॅपटॉपवर एक व्हिडिओ चालवून म्हणाला, "काका, नेट चालतंय की!" मी म्हटले, चालते आहे, पण लंगडते आहे. त्यावर, "लॅपटॉपचा पोर्ट बघून घ्या एकदा." जाताना म्हणाला, "मी येऊन गेलो एवढं कंपनीला दाखवायला ओटीपी सांगा." मी सांगितला. पाच मिनिटांत मला संदेश आला की आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे. चौतीस वर्षांच्या नोकरीत मीही फॉल्ट उशिरा काढले असतील, पण लाइन चालू झाल्याशिवाय डॉकेट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद केले नाही.

मग केबलमधली एकेक तार दिव्यांवर तपासणारा अडीचशे रुपयांचा लॅन टेस्टर मीच विकत आणला. एक ते सहा नंबरचे दिवे लागले, सात आणि आठ लागले नाहीत. म्हणजे तपकिरी जोडी गेलेली.

मेन स्विच बंद करून मागच्या खोलीतला स्विचबोर्ड उघडला. आधी बोर्डच का, तर तुमच्या माणसांनी दुसऱ्या भिंतीतून बाहेर आलेली केबल पट्टीतून वेगळी खाली आणण्याऐवजी जुन्या लाइटच्या पाइपातून बोर्डात सोडली होती आणि बोर्डातून पुढे टेबलापर्यंत नेली होती. ही गोष्ट मला त्या दिवशी दिसली नाही, कारण मी दुसऱ्या खोलीत उडालेला गिलावा गोळा करत होतो. त्याबद्दल पुढे लिहितो.

बोर्डात लाल-काळ्या तारांच्या गर्दीत काळ्या टेपची बोराएवढी गाठ मिळाली. टेप सोडवली. राखाडी केबल तिथे संपत होती आणि पांढरी केबल सुरू होत होती. आठही तारा चिमटीने पिळून एकमेकींना बांधलेल्या, आणि त्यासाठी जोड्यांचा पीळ अडीच-तीन इंच उकललेला. हा पीळ शोभेसाठी नसतो. शेजारून येणारा गोंगाट तोच मारतो, म्हणून टोकाला तो अर्ध्या इंचाहून जास्त उकलू नये असा दंडक आहे. तपकिरी तार हात लावताच सुटून आली. पांढऱ्या बाजूची ती तार ब्लेडने खरवडून पाहिली, तर वरचा तांबूस रंग गेला आणि आत पांढुरका धातू निघाला. तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम. दोन-तीनदा वाकवले की तुटते. बिलावर लिहिले आहे, "शुद्ध तांबे, कॅट-सिक्स".

सांधा दिसला म्हणून मी नाक मुरडत नाही. माझा जन्म सांधे घालण्यात गेला. भर पावसात खड्ड्यात बसून शंभर-शंभर जोड्यांचे सांधे घातले आहेत. पण एकेका तारेवर जेली भरलेला कनेक्टर दाबून आणि वर आवरण चढवून. टेपने गुंडाळलेला सांधा २३० व्होल्टच्या बोर्डात कोणी ठेवत नाही. नेटवर्कच्या केबलमध्ये जेमतेम दोन-चार व्होल्ट खेळतात. उन्हाळ्यात टेपचा गोंद सुटतो. उघडी तार फेजला टेकली असती तर लॅपटॉप गेलाच असता, आणि सूनबाईंचा हात दिवसभर त्या लॅपटॉपवरच असतो. वेगाची तक्रार मी एक वेळ पोटात घातली असती. ही घालणार नाही.

आता केबलच्या मापाविषयी. बिलात ४० मीटर लावले आहेत, दर ४५ रुपये. राखाडी केबलवर दर मीटरला आकडा छापलेला आहे, ही सोय चांगली असते. पट्ट्या उघडून पाहिले. राउटरपाशी २३१, बोर्डातल्या गाठीपाशी २४४. म्हणजे १३ मीटर. पांढरीवर काहीच छापलेले नाही, टेपने मोजली तर ४ मीटर भरली. एकूण सतरा. उरलेले तेवीस मीटर, म्हणजे १,०३५ रुपयांची केबल कोणत्या भिंतीत गेली ते कळवावे. ४० मीटरचे पैसे घेऊन १३ मीटरवर केबल कमी पडते आणि जोड घालावा लागतो, हा हिशेब आमच्या सौभाग्यवतींनाही समजला नाही, आणि त्या भिशीचे हिशेब ठेवतात.

गिलाव्याचे असे. भोक पाडताना मी दोनदा सांगितले होते की दोन्ही बाजूंनी निम्मे-निम्मे पाडा, नाही तर शेवटी तरी हॅमर बंद करून हळू घ्या. एकाच बाजूने जोर लावून ड्रिल पार केले आणि पलीकडचा गिलावा जेवणाच्या ताटाएवढा उडाला. त्यात वरवर पुट्टी फासून ठेवली, ती आता तडकली आहे. दोन्ही भोकांत पाइपचा तुकडा न घालता केबल तशीच सोडून तोंड सिमेंटने बंद केले आहे, त्यामुळे उद्या केबल बदलायची तर भिंत पुन्हा फोडणे आले.

माझी मागणी अशी. राउटरपासून टेबलापर्यंत तांब्याची कॅट-सिक्स केबल, मध्ये एकही जोड न घालता, नव्याने ओढून द्यावी. दोन्ही भोकांत पाइप बसवावा, आणि लाइटच्या पाइपाशी किंवा बोर्डाशी केबलचा संबंध ठेवू नये, वेगळी पट्टी आणि वेगळा डबा. आठही दिवे माझ्यासमोर लागले पाहिजेत आणि लॅपटॉपवर एक हजाराचा लिंक दिसला पाहिजे, त्यानंतरच मी ओटीपी देईन. जादा घेतलेले १,०३५ रुपये परत करावेत आणि गिलावा पूर्ववत करून द्यावा. हे जमणार नसेल तर पूर्ण ७,९५० रुपये परत करावेत, काम मी दुसऱ्याकडून करून घेईन.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस वाट पाहीन. त्यानंतर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्ही मुद्द्यांवर येथील जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो. गाठीचे, खरवडलेल्या तारेचे, मीटरच्या आकड्यांचे आणि टेस्टरचे फोटो सोबत आहेत. मूळ गाठ मी कापून डबीत ठेवली आहे, टाकलेली नाही.

सध्या सूनबाई पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मीटिंग करते. माणूस पाठवायचा असेल तर सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर पाठवावा, आणि आदल्या दिवशी फोन करावा.

कळावे,
आपला ग्राहक
(नाव, पत्ता व ग्राहक क्रमांक पावतीवर आहे)

ता. क. : आपल्या माणसांचे बारा मिलिमीटरचे लांब ड्रिल बिट आमच्या माळ्यावर राहिले आहे. येणाऱ्याने ते सही करून घेऊन जावे.