पंखाचे बोल्ट

धायरी, पुणे
१२ मे

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार. मी घरी बांधतोय ते विमान कुठवर आलं म्हणून तू दर फोनला विचारतोस आणि मी ‘होतंय’ म्हणून टाळतो. आज सविस्तर लिहितोय, कारण तुझ्याकडे काम आहे.

पंख धडाला जोडायची पोलादी फिटिंग लाकडी स्पारवर, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईवर, गेल्या ऑगस्टात, भर पावसात बसवली होती. नट नकाशात सांगितले तेवढेच आवळले. परवा ४० अंशांच्या उन्हात सहज पाना लावला, तर नट पाव फेरा फुकट फिरला! पोटात गोळाच आला. मग डोक्यात प्रकाश पडला. पावसात फुगलेलं लाकूड आता सुकून आकसलंय. तुमच्या वाड्याचा दरवाजा आषाढात अडकायचा नि उन्हाळ्यात खडखडायचा, आठवतं? तोच प्रकार. बरं, रागाने जास्त आवळायचीही सोय नाही, वॉशरखाली स्पारचं स्प्रूस लाकूड चेपतं. म्हणून तर लाकडावर रुंद वॉशर घालतात, आणि भोकाला आतून वार्निश पाजतात.

दुसरा घोळ माझाच. पेठेतल्या एका दुकानातून तीन सुती (३/८ इंची) बोल्ट आणले होते, चकचकीत. ‘साहेब, ट्रकला हेच जातात.’ घरी येऊन पाहतो तर दांडीला जवळजवळ मुळापासून आटे! पंखाच्या बोल्टावर मुख्य जोर आडवा येतो, कात्रीत धरल्यासारखा. भोकात आटे आले की बोल्ट तिथेच कमजोर, शिवाय आटे भोक खरवडून मोठं करणार ते वेगळंच. फिटिंगच्या सगळ्या जाडीत गुळगुळीत दांडीच हवी. थोडी जास्त झाली तर वॉशर घालून भागतं. आता त्याच जाडीचे, खास विमानासाठी बनवलेले एएन-६ बोल्ट मागवलेत. ते चकचकीत बोल्ट बागेच्या फाटकाला लावले. फाटक झकास बसलंय.

तर काम असं. जूनच्या पहिल्या रविवारी पंख धडाला जोडायचे आहेत. दोघांनी पंख पेलायचा, तिसऱ्याने निमुळती पिन घालून भोकं जुळवायची, मग बोल्ट हाताने सरकवायचा. हातोडीला बंदी! बोल्टाचं डोकं वर ठेवायचं, म्हणजे नट गळालाच तरी बोल्ट जागेवर राहतो. खालून कॅसल नट, म्हणजे खाचांचा नट, आणि तो फिरू नये म्हणून खाचेतून आरपार स्प्लिट पिन. पिना मी वाकवीन, पण मोजायच्या तू. स्वतःच्या हातचं काम तपासताना डोळा हटकून पुढे सरकतो, आणि शाळेत माझी गणितं तूच तपासायचास.

हिने तुझ्यासाठी थालीपीठ कबूल केलंय. शनिवारीच मुक्कामाला ये.

तुझा,
अन्या