शोरील पाठवण्यापूर्वी आई-बाबांना पत्र

पुणे

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

अॅनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी चित्रे काढायची सोडून स्वतःच्या जाहिरातीत का गुंतली आहे, या बाबांच्या प्रश्नाचे उत्तर मला फोनवर धड देता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. आपली स्तुती आपणच करणाऱ्याला समर्थांनी मूर्खलक्षणांत बसवले आहे, याची आठवणही बाबा, तुम्ही करून दिलीत. साताऱ्यात वाढलेल्या आणि तुमचे बोट धरून दासनवमीला सज्जनगड चढलेल्या मुलीला ते वचन विसरता येणार नाही, आणि मला ते मान्यही आहे. मात्र मी सध्या जे करते आहे ते त्या वचनाच्या विरुद्ध जात नाही, हे तुम्हां दोघांना पटावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आमच्या क्षेत्रात गुणपत्रिकेपेक्षा शोरीलला अधिक महत्त्व असते. शोरील म्हणजे आपल्या निवडक कामाची एक-दीड मिनिटाची चित्रफीत. निवड करणाऱ्यांपुढे अशा चित्रफितींचा ढीग असतो, त्यामुळे सर्वांत चांगला शॉट सुरुवातीलाच ठेवावा लागतो आणि केवळ लांबी वाढावी म्हणून दुबळा शॉट घालून चालत नाही. शिवाय अनेकजण आवाज बंद ठेवूनच पाहतात, म्हणून संगीताच्या भरवशावर काही तरून जाईल अशी आशा धरता येत नाही.

माझ्या शोरीलचा पहिला शॉट, आई, तुझ्यावरून केलेला आहे. गेल्या दिवाळीत तू शिवणयंत्रापाशी बसून सुईत दोरा ओवत होतीस, ते मी तुला विचारून मोबाइलवर टिपले होते. त्यावरून मी एक म्हातारी रेखाटली. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे फ्रेम, जातात. हाताने काढलेल्या अॅनिमेशनमध्ये पुष्कळदा एक चित्र दोन चौकटी ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ आणि सहा सेकंदांच्या शॉटला ७२ चित्रे लागतात. चित्रे काढण्याचा मला कंटाळा नाही, पण हात सरळ सुईकडे गेला की ती म्हातारी निर्जीव दिसत असे. तुझे चित्रीकरण एकेक चौकट थांबवून पाहिले, तेव्हा लक्षात आले की दोरा पुढे नेण्याआधी तू तो किंचित मागे घेतेस, श्वास रोखतेस आणि तुझा डावा खांदा थोडा वर जातो. दोरा ओवला गेल्यावर आधी डोळे सैल होतात, मग खांदा आणि सर्वांत शेवटी बोटे. त्या क्रमाने चित्रे काढल्यावर म्हातारीत जीव आला. असे पाहायला शिकणे हेच माझे खरे शिक्षण आहे. ते कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहून येत नाही, ते दाखवावेच लागते.

बाबा, दादासाहेब फाळके यांनीही हेच केले होते. १९१२ च्या सुमारास मूकपटासाठी भांडवल उभे करायचे होते, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा मांडला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज एक चौकट टिपली. रोप डोळ्यांदेखत वाढताना दिसणारी ती छोटीशी चित्रफीत त्यांनी निवडक मंडळींना दाखवली आणि त्यांतूनच कर्ज देणारे पुढे आले. याला आत्मस्तुती कोण म्हणेल?

शोरीलसोबत शॉट ब्रेकडाउन नावाची यादी द्यावी लागते, आणि मला ती फार मोलाची वाटते. प्रत्येक शॉटमध्ये माझे काम नेमके कोणते, हे तीत लिहायचे असते. ब्लेंडर या संगणकीय अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या एका शॉटपुढे मी स्पष्ट लिहिले आहे की पात्र आणि त्याचा रिग, म्हणजे पात्र हलवण्यासाठी आत बसवलेला सांगाडा, तयार मिळालेला होता, माझे फक्त अॅनिमेशन आहे. दुसऱ्या शॉटची पार्श्वभूमी वर्गमैत्रिणीने रंगवली आहे, म्हणून तिथे तिचे नाव आहे. सुट्टीत ज्या स्टुडिओत उमेदवारी केली तिथले माझे काम सर्वांत सरस झाले आहे, परंतु मालिका प्रसिद्ध होईपर्यंत ते बाहेर दाखवणार नाही असे मी लिहून दिलेले असल्यामुळे ते मी घेतलेले नाही. ज्या कागदावर आपण काय केले नाही हेही लिहावे लागते, त्यावर बढाईला जागा उरत नाही.

बाकीची तयारी साधी आहे. एका पानाचा परिचय तयार आहे, संकेतस्थळावर मोजकेच काम ठेवले आहे, आणि स्वारगेटला गाडीची वाट पाहणाऱ्या माणसांची झटपट रेखाटने करण्याचा रोजचा सराव चालू आहे, कारण स्टुडिओवाले वहीतली रेखाटनेही मागतात.

एक विनंती मात्र आग्रहाने करते. मुंबईच्या ओळखीच्या गृहस्थांना माझ्यासाठी फोन करू नका. त्यामागची तुमची काळजी मी जाणते, पण माझे पहिले काम या दीड मिनिटाच्या बळावर मिळावे असे मला वाटते.

पुढच्या शनिवारी मी साताऱ्याला येत आहे. शोरील पाठवण्यापूर्वी तुम्ही दोघांनी ते आवाज बंद ठेवून पाहावे आणि कुठे लक्ष उडाले ते निःसंकोच सांगावे. आई, दोरा ओवणारे हात खरे वाटतात की नाही, हे तुझ्याइतके अचूक कोणीच सांगू शकणार नाही. तिथे काही खटकले तर तो शॉट मी पुन्हा काढीन. अर्ज आठवडाभर उशिरा गेले तरी चालतील.

तुमची,
सायली