गुलाबी मेणबत्तीच्या रविवारी नाचणी पेर

नंदाखाल, वसई
आगमनकाळाचा पहिला रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

प्रिय बाळा,

तू टोरांटोहून पाठवलेले तीस हजार परवा खात्यात जमा झाले. सोबतचा तुझा निरोपही वाचला : ‘आई, यंदा काही करत बसू नकोस. सगळं बाहेरून मागव आणि आराम कर.’ वाचून डोळे भरून आले. रात्री पुन्हा वाचला तेव्हा मात्र जरा रागच आला. फोन केला असता तर भांडण झालं असतं, म्हणून पत्र लिहिते. घरी आपण आपली कादोडी बोली बोलतो, पण कागद पुढे आला की माझ्या हातून शाळेतलीच मराठी उतरते. तेव्हा ही कोण परकी बाई, असं वाटून घेऊ नकोस.

राग त्या ‘करत बसू नकोस’चा आला. तुला वाटतं, डिसेंबर लागला की आई राबते. अरे, नाताळात राबायचं मी २००१ सालीच सोडलं. तुला जो नाताळ आठवतो, ज्याच्या आठवणी तू सूनबाईला रंगवून सांगतोस, तो सगळा त्यानंतरचा. त्याआधीचा तू विसरलायस, हे माझं नशीब.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती, आज सांगते. १९९९च्या ऑक्टोबरात पप्पांच्या कारखान्याला टाळं लागलं. तू आठ वर्षांचा होतास, ताई पाच. वाडीतली केळी नि पडवळं दादरला जायची त्यावर घर चाललं, पण नवे कपडे आणि केक यांचं नाव काढायची सोय नव्हती. तेव्हा मी तुम्हां दोघांना जवळ बसवून म्हटलं, ‘येशूबाळ गोठ्यात जन्मला ना? मग यंदा आपणही साधा नाताळ करायचा.’ तुम्ही लगेच माना डोलावल्या. मी मात्र सरळसरळ येशूच्या नावावर माझी अडचण खपवली होती. पुढे कितीतरी वर्षं लोक कौतुक करायचे, ‘तुमचं बाई किती साधं, किती विचारपूर्वक!’ तेव्हा मी नुसती हसायचे. पहिल्या वर्षी विचारबिचार काही नव्हता, पाकिटात पैसे नव्हते.

पण त्या वर्षी झालं काय, की चांदणी विकत आणता येईना, म्हणून पप्पांनी बांबूच्या कामट्या तासल्या. तुम्ही खळ शिजवली, पतंगी कागद चिकटवला. एक पाय वाकडा झाला. आत साठचा बल्ब लावला तर कागद करपायला लागला, मग पंधराचा लावला. कामावर जायचं नसल्यामुळे पप्पा महिनाभर घरात होते, ही गोष्ट मला काळजीची वाटत होती आणि तुम्हांला चैनीची.

पुढच्या पावसाळ्यात त्यांना अंधेरीला नोकरी लागली आणि २०००च्या नाताळाला मी सगळी कसर भरून काढली. अकरा पदार्थ. नवे पडदे. बांद्र्याला दोन खेपा. २४ तारखेच्या संध्याकाळी तू आयसिंग केलेल्या केकला बोट लावलंस आणि मी तुझ्या थोबाडीत मारली. तुला आठवत नाही, मी एकदा आडून विचारून पाहिलंय. मला आठवतं. त्या रात्री चर्चमध्ये मिस्साला तू माझ्याशेजारी न बसता आजीशेजारी जाऊन बसलास. वेदीवर ‘शांती असो’ चाललं होतं आणि माझ्या डोक्यात ओव्हनमधलं मटण.

म्हणून २००१ साली, हातात पैसे असताना, मी कॅलेंडरच्या पाठीवर यादी केली आणि खोडत गेले. खोडणं करण्यापेक्षा अवघड असतं रे. केलेलं चारचौघांना दिसतं. न केलेल्याचा जाब द्यावा लागतो. आजी म्हणाली, ‘ताटात तीनच पदार्थ? लोक म्हणतील, पोरगा परत घरी बसला वाटतं.’ तिचंही चुकत नव्हतं. आपल्याकडे ताटावरूनच घर वाचतात. तरी मी कुलकुल, करंज्यांसारख्या नेवऱ्या आणि केक एवढंच ठेवलं. नेवऱ्यासुद्धा आजीसाठी.

कुलकुल का ठेवले, तर ते एकट्या बाईला करताच येत नाहीत. किलोभर मैदा मळायला मी पुरते, पण फण्यांवर नि काट्यांच्या पाठीवर दाबून ते शिंपले वळायला सगळं घर लागतं. एकटीने करायचा आणि बाकीच्यांनी खायचा, असा पदार्थ मी यादीतून काढला. सगळे बसल्याशिवाय होतच नाही, असा ठेवला. केवढी अक्कल लढवली होती मी! शिवाय कुलकुल टिकतात. शेजारच्या काकूंचा दिवाळीच्या चकल्यांचा डबा आपण रिकामा परत करत नाही, तो नाताळपर्यंत आपल्याच फळीवर असतो आणि कुलकुल भरून जातो. यंदाही त्यांचा स्टीलचा डबा माझ्याकडे पडून आहे. बाहेरून मागवलेलं त्यात घालून दिलं तर काकू काही बोलणार नाहीत, पण पुढच्या दिवाळीला त्याही बाजारचं देतील.

आता गव्हाणीबद्दल, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याबद्दल, कारण तुझी लेक चार वर्षांची झाली आणि सूनबाई म्हणत होती की तिकडे दुकानात तयार संच मिळतो, दिव्यांसकट. मिळू दे. घ्यायचा तर घ्या, त्यात पाप नाही. पण तुझा प्रताप तिला सांग. दुसरीत की तिसरीत असताना तू आजीच्या चुलीजवळची माती घेऊन म्हैस केलीस आणि बैलाशेजारी उभी केलीस. ताई रडायला लागली, की बेथलेहेमात म्हैस नव्हती. तू पप्पांना विचारलंस, पप्पांनी फादरांकडे पाठवलं. फादर हसून म्हणाले, बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानात बैलही नाही नि गाढवही नाही, नुसती गव्हाण आहे. बैल आणि गाढव यशया संदेष्ट्याच्या ओळीतून लोकांनी तिथे आणून बांधले. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात पहिल्यांदा गोठा उभा केला, त्यात तर मूर्तीच नव्हत्या; गवत, खरा बैल, खरं गाढव आणि भोवती गावची माणसं. ‘मग वसईची म्हैस आली तर कुणाचं काय बिघडलं?’ असं म्हणून त्यांनी निकाल दिला, आणि तू रस्ताभर ताईला वेडावत आलास.

गोठ्याभोवतीचं हिरवं मात्र विकतचं घेऊ नका, एवढा माझा हट्ट. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारी, जे पुष्पचक्र पेटवतो त्यात तीन जांभळ्या मेणबत्त्या असतात आणि एक गुलाबी, ती तिसऱ्या रविवारी पेटते. त्या दिवशी नाचणी पेरायची, हा आपल्या घरचा नियम; धर्मशिक्षणाच्या पुस्तकात शोधू नकोस, मीच लक्षात राहावं म्हणून केलाय. यंदा तो १४ डिसेंबरला येतो. अख्खी नाचणी तिकडच्या इंडियन दुकानात मिळेल. आदल्या रात्री भिजव, सकाळी आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणात दोन बोटं माती घालून वर दाट पसर. पाणी ओतायचं नाही, हाताने शिंपडायचं, आणि ते काम पोरीचं. तुमच्याकडे थंडी, तेव्हा हिटरपासून हातभर अंतरावर ठेव. नाचणी रुसली तर गहू टाक, तो कुठेही उगवतो. २४पर्यंत कोवळं शेत तयार होतं. लहान मुलाला ‘वाट पाहा’ असं सांगून कळत नाही. रोज सकाळी झाकणात डोकावलं की कळतं.

आणि बाळ येशू २४च्या रात्रीपर्यंत पेटीतच. तुला ठाऊक आहे. बाळाच्या भेटीला निघालेले तीन राजेही गोठ्यापाशी नाहीत, ते दूर फ्रिजवर. २५पासून रोज थोडे पुढे सरकतात : टीव्ही, मग शोकेस, मग खिडकी, आणि ६ जानेवारीला पोचतात. एकदा तू त्यांना एका रात्रीत फ्रिजवरून थेट गोठ्यात नेलंस, का तर ‘ट्रॅफिक नव्हता’. आता गावात काय होतं माहीत आहे? १ डिसेंबरपासून दिव्यांचा लखलखाट, आणि २६ला सकाळी लोक चांदण्या उतरवायला शिडीवर. सण सुरू होतो त्या दिवशीच यांचा संपतो. आपली चांदणी राजे पोचल्यावरच उतरते. शेजारी विसरून गेले वाटतं, म्हणतात. म्हणू दे.

सगळंच मी शहाणपणाने खोडलं, असंही नाही हं. २००१च्या यादीत मी २५चं मोठं जेवण खोडलं होतं. आतू, तिचे मालक, चार मुलं, मालकांची आई. दरवर्षी ती आपल्याकडे यायची. मला वाटलं, आपण चौघं नि आजी शांतपणे जेवू. जेवलोही शांतपणे. पण माहेरी नाताळचं जेवण बंद झालं, याचा अर्थ आतूने काय घेतला असेल? दोन वर्षं तिने आपल्या दारात पाऊल टाकलं नाही. पुढे आजीच्या आजारपणात आली, तेव्हा सुरळीत झालं, पण त्या जेवणाचा विषय आम्ही दोघींनी कधी काढला नाही. पडदे खोडावे, पदार्थ खोडावे, माणसं त्याच पेनाने खोडू नयेत, हे मला तेव्हा कळलं नाही. घरात बसून सगळं नेटकं करायची एकदा सवय लागली की बाईला आपलं घर जरा जास्तच आपलं वाटायला लागतं.

म्हणून तुझ्या पैशांचं ठरवलंय. तुझा शब्द एका दिवसापुरता पाळते. २६ तारखेला आतूचं सगळं कुटुंब जेवायला बोलावलंय, आता जावई, सुना, नातवंडं धरून एकवीस माणसं होतात. जेवण बाहेरून. फुगे, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, आणि इंद्यालचा रस्सा पलीकडच्या आळीतल्या बायका ऑर्डरने करून देतात, त्यांना आगाऊ रक्कमही दिली. फुगे मुठीतून तेलात सोडायचं कसब तसंही माझ्या मनगटात आता राहिलं नाही. आतूला फोन केला तेव्हा ती आधी गप्पच झाली. मग म्हणाली, ‘कोळंबीचं लोणचं मी आणते.’ उरलेल्या पैशांतून मिक्सर घेते, नारळाचं दूध काढायला. तरीही उरलेच तर पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही याल तेव्हा बघू.

सूनबाईला हे पत्र वाचून दाखव, पण यातलं काही तिने केलंच पाहिजे असं नाही. ती नोकरी करते, बर्फात बस पकडते. मी घरी होते, माझ्याकडे दुपार होती. तिच्याकडे काय आहे ते तिला ठाऊक, त्यातलं काय ठेवायचं ते तिने ठरवावं. आणि कुलकुल वळायला तू बस. काट्यावरून ते कसे सोडवायचे, हे तुझ्या बोटांना अजून आठवत असेल.

कोपऱ्यावरच्या घरातला मुलगा १२ तारखेला टोरांटोला परत चाललाय. त्याच्याकडे पाकीट दिलंय. पंधरा दिवसांपूर्वी निर्मळच्या जत्रेत गेले होते, तिथली सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, आहेत. एकदम संपवू नका, राजे पोचेपर्यंत पुरवा. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं आहे ते हलक्या हाताने सोड. म्हैस आहे. डावं शिंग २००८ साली तुटलं, ते पप्पांनी काडेपेटीच्या काडीने बसवलंय. पोरीच्या हातात द्यायला हरकत नाही, फक्त बैलाच्या उजव्या बाजूला उभी कर, तिकडून ते दिसत नाही.

तुझी,
आई